ट्रकचं इंजिन बदलायचंय? आधी माउंटिंग बघा

पावसात खनिजाची वाहतूक थांबली की गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या गॅरेजांत टिपरांची इंजिनं खाली उतरतात, आणि प्रत्येक मालकाला गाडी चवथीआधी हवी असते. त्या घाईत माउंटिंग, म्हणजे इंजिन चासीवर ज्यावर बसतं तो रबर-लोखंडाचा आधार, आठवतं ते नवं इंजिन चेनला लटकल्यावर. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

जुनं इंजिन जागेवर असतानाच मापं वहीत उतरवा: पंखा आणि रेडिएटरमधलं अंतर, सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) आणि क्रॉस मेंबर (चासीचा आडवा दांडा) यांमधलं अंतर, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडतात त्या चकतीचा, कल. कलाचं माप कुणी घेत नाही. पण इंजिन मागून थोडं जरी खाली बसलं तरी प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस बदलत बसावं लागतं.

दुकानात नुसतं गाडीचं मॉडेल सांगू नका, इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही द्या. ब्रॅकेट इंजिनाचा असतो, भोकं चासीची. आणि भोकं जुळली म्हणजे माउंटिंग जुळलं असं नव्हे. रबर किती कडक हवं ते इंजिनाचं वजन आणि थरथर ठरवते. एका ओळीतल्या सहा सिलिंडरच्या इंजिनाचे धक्के आपसात बरेचसे मिटतात. चार सिलिंडरचं दर फेऱ्याला दोनदा वर-खाली हादरतं. सहाचं कडक रबर चारखाली घातलंत तर सगळी थरथर केबिनमध्ये येणार. भोक जुळत नसेल तर ब्रॅकेट नवा करून घ्या. चासीला गॅस कटर लावू नका, मिस्त्री कितीही जुना असो.

काढलेली माउंटिंगं फेकण्याआधी बघा, विशेषतः क्लीनरच्या, म्हणजे डाव्या, बाजूचं. भरलेली गाडी चोर्ला घाट खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा इंजिन त्या बाजूने वर उचलू पाहतं, म्हणून रबर लोखंडापासून बहुधा तिथेच सुटतं. बदलताना मात्र जोडी बदला. रबर तेलाने फुगून मऊ पडतं, तेव्हा वरून डिझेल-ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवा. बोल्ट नवेच घ्या, डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा मूळ बोल्टशी जुळवून. इथल्या खाऱ्या हवेत गंजलेल्या बोल्टचा भरवसा नाही.

इंजिन चासीला जोडणारी अर्थची पट्टी घासून, साफ करून हाताशी ठेवा. रबर वीज नेत नाही. पट्टी राहिली तर स्टार्टरचा करंट क्लच नाहीतर एक्सेलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल जळते.

बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, इंजिनाचं वजन पूर्ण खाली सोडा, थोडं हलवून बसू द्या, मगच टॉर्क पान्याने मापात आवळा. एखादा बोल्ट शिरत नसेल तर पहारीने रेटू नका. ब्रॅकेट उलटसुलट तर लागले नाहीत ना ते बघा. आरसीवर नव्या इंजिनाचा नंबर चढवायची कागदपत्रं याच दिवसांत आरटीओत द्या, आणि भरलेल्या गाडीची पहिली खेप झाली की हेच बोल्ट पुन्हा तपासा.