‘विक्रमी’ हळद, एफआरपी आणि रेपो: आर्थिक बातमी कशी वाचावी

हळदीच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातून एक बातमी हमखास येते: ‘राजापुरी हळदीला विक्रमी दर’. ती खोटी नसते, पण तो दर बहुतेक वेळा एखाद्याच कलमाचा, म्हणजे मालाच्या एका ढिगाचा, कधी कधी तर मुहूर्ताच्या सौद्यात हौसेने लावलेल्या बोलीचा असतो. आर्थिक बातम्यांचं हेच दुखणं आहे. आकडा खरा असतो, पण तो कशाचा, कशाच्या तुलनेत आणि कधीपासून लागू, हे मथळ्यात मावत नाही. ते शोधण्याची सवय लावून घेतली की निम्म्या बातम्या आपोआप सरळ होतात.

पहिलं काम: आकडा कशाचा ते बघा

बाजार समितीच्या रोजच्या तक्त्यात शेतमालाचे तीन दर असतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळा कमाल दरावर बेततो. तुमच्या हिशेबाला सर्वसाधारण दर घ्या, कारण बराचसा माल त्याच्या आसपास विकला जातो. समजा, किमान ११,०००, कमाल २४,००० आणि सर्वसाधारण १४,५०० रुपये क्विंटल असा तक्ता आहे. घरात मध्यम प्रतीची हळद असेल तर २४ हजार विसरा. कणी, गठ्ठा, लगडी या हळदीच्या प्रकारांचे दर वेगळे असतात हे सौद्यात उभं राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, मात्र बातमीत ते एकाच ‘हळद’ शब्दाखाली येतात.

शेजारचा ‘आवक’ हा रकाना दराइतकाच महत्त्वाचा. आवक पोत्यांत दिली आहे की क्विंटलमध्ये, तेही बघा. दोनशे क्विंटल आवकेला वाढलेला दर आणि वीस हजार क्विंटल आवकेला टिकलेला दर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला उद्या उतरू शकतो. दुसऱ्यामागे खरी मागणी असते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि दर मिळतात. आठ-दहा दिवसांचे आकडे वहीत एकाखाली एक लिहून काढा, मग मथळा वाचा.

बातमीत ‘वायदा’ हा शब्द असेल तर तो दर आजच्या मालाचा नाही, पुढच्या एखाद्या महिन्यातल्या व्यवहाराचा आहे. कोणता महिना, ते बघितल्याशिवाय त्याची यार्डातल्या दराशी तुलना करू नका.

दुसरं काम: तुलना बरोबरीची आहे का ते तपासा

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, हे यासाठी उत्तम उदाहरण आहे. आपल्याकडे ती सगळ्यांच्या तोंडी असते, आणि तरी तिची बातमी सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते.

२०२५-२६ हंगामासाठी केंद्राने क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी जाहीर केली. आदल्या हंगामात ती ३४० होती. ‘१५ रुपयांची वाढ’ हे क्विंटलचं झालं. आपण बोलतो टनात, म्हणजे वाढ १५० रुपयांची. दर ३,५५० रुपये टन, पण १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३.४६ रुपये, म्हणजे टनाला ३४.६० रुपये जादा मिळतात.

आता ११.५ टक्के उताऱ्याच्या कारखान्याचा हिशेब करा. १०.२५ च्या वर १.२५ टक्के, म्हणजे साडेबारा टप्पे. साडेबारा गुणिले ३४.६० म्हणजे ४३२.५०. एकूण ३,९८२.५० रुपये. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती टनाला ८५० रुपये धरली तर हातात ३,१३२.५० उरतात. कारखान्याने ‘एफआरपीपेक्षा जादा’ दर जाहीर केला अशी बातमी आली की तो दर तोडणी-वाहतूक धरून आहे की वजा जाता, उतारा चालू हंगामाचा धरलाय की मागच्या, आणि रक्कम एकरकमी आहे की नुसती पहिली उचल, हे तिन्ही विचारा. उताऱ्याच्या मुद्द्यावरून तर भांडण न्यायालयापर्यंत गेलं आहे.

खरी मेख पायाभूत उताऱ्यात असते. २०१७-१८ मध्ये एफआरपी २५५ रुपये होती, ९.५ टक्के उताऱ्याला. पुढच्या वर्षी ती २७५ झाली. मथळा झाला २० रुपयांच्या वाढीचा. पण त्याच वेळी पायाभूत उतारा १० टक्क्यांवर नेला होता. जुन्या सूत्राने १० टक्के उताऱ्याला २५५ अधिक पाच टप्प्यांचे प्रत्येकी २.६८, म्हणजे २६८.४० रुपये मिळतच होते. वाढ उरली ६.६० रुपयांची. २०२२-२३ मध्ये पायाभूत उतारा पुन्हा १०.२५ वर गेला. दर वाढला की मोजपट्टी सरकली, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ‘थकीत एफआरपी’चा आकडा वाचताना तो कोणत्या तारखेपर्यंतच्या गाळपाचा आहे ते शोधा. कालच तुटलेला ऊस त्यात धरला असेल तर आकडा उगाच फुगतो.

महागाई ‘कमी झाली’ म्हणजे काय

वस्तू स्वस्त झाली असं नाही, वाढीचा वेग मंदावला. टोमॅटो २० चा ६० झाला तर वाढ २०० टक्के. पुढच्या वर्षी ६० चा ६६ झाला तर वाढ १० टक्के. आकडा गडगडला, पण पिशवीत टोमॅटो महागच पडला. हे कागदावरचं उदाहरण झालं, पण प्रत्यक्षातही तसंच घडलं आहे. जुलै २०२३ मध्ये भाजीपाला भडकून देशातली किरकोळ महागाई ७.४४ टक्के झाली. जुलै २०२४ मध्ये ती ३.५४ टक्के नोंदली गेली, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आदल्या जुलैचा आकडाच उंच होता. म्हणून टक्केवारी दिसली की तिच्याशेजारी आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याची टक्केवारी लिहा. कंपन्यांच्या तिमाही नफ्यालाही हाच नियम: तुलना आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा. दिवाळीच्या तिमाहीची तुलना पावसाळ्यातल्या तिमाहीशी केली तर कुठलाही दुकानदार कर्तबगार दिसेल.

रेपो दराची बातमी आणि तुमचा हप्ता

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो ६.५० वरून ६.२५ वर आला, एप्रिलमध्ये ६ वर आणि जूनमध्ये ५.५० वर. बातमीतला ‘२५ बेसिस पॉइंट’ म्हणजे पाव टक्का. हप्ता किती उतरेल ते असं काढा:

१. कर्जाच्या कागदांवर दर कशाशी जोडलाय ते बघा. व्यापारी बँकांची १ ऑक्टोबर २०१९ नंतरची बदलत्या व्याजाची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. नागरी सहकारी बँका, पतसंस्था आणि गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. तिथे मथळा वाचून पेढे वाटू नका.

२. हप्ता कमी होणार की मुदत, ते बँकेला विचारा. २० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के दराने हप्ता साधारण १७,३५६ रुपये. दर ८ टक्के झाला तर १६,७२९, म्हणजे महिन्याला ६२७ रुपयांची बचत. हप्ता तोच ठेवला तर कर्ज सुमारे २० महिने आधी फिटतं. झेपत असेल तर हप्ता तसाच ठेवावा. बँका दर उतरला की बऱ्याचदा स्वतःहून मुदत कमी करतात, आणि चढला की गुपचूप वाढवतात. दुसऱ्या वेळी मात्र सावध राहा.

कोटींच्या घोषणा

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या बातम्यांत ‘सुप्रमा’ हा शब्द सतत भेटतो. सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणजे संपूर्ण प्रकल्पाच्या वाढलेल्या खर्चाला दिलेली परवानगी. त्या दिवशी रुपयाही येत नाही. पैसे अर्थसंकल्पातल्या वार्षिक तरतुदीतून येतात, तीही वर्षभरात घटू शकते. मान्यता, तरतूद, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष खर्च, या पायऱ्यांपैकी बातमी कोणत्या पायरीची आहे ते ओळखा. ‘सामंजस्य करार’ या सगळ्यांच्याही खालची पायरी.

शेअर बाजाराचं थोडक्यात: अंकांना टक्क्यांत बदला. सेन्सेक्स ८०,००० वर असताना ८०० अंकांची ‘घसरगुंडी’ म्हणजे एक टक्का.

बँकेवर निर्बंधाची बातमी आली तर

इथे घाईने व्हॉट्सअॅप पुढे ढकलण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरचं मूळ प्रसिद्धिपत्रक वाचा. दंड, निर्बंध आणि परवाना रद्द या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाचा ठेवींवर थेट परिणाम नसतो. निर्बंधात पैसे काढण्यावर मर्यादा येते. परवाना रद्द झाला तर बँक अवसायनात जाते, म्हणजे ती गुंडाळली जाते.

४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा ५ लाखांचा आहे. मुद्दल आणि व्याज मिळून, आणि एकाच बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या नावच्या ठेवी एकत्र धरून. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलं होतं. नीट वाचा: ९९ टक्के ठेवीदार, ९९ टक्के ठेवी नव्हेत. उरलेल्या मोजक्या लोकांच्या ठेवी मोठ्या असतात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतोच.

निर्बंध लागले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद आहे. त्यातल्या पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी पाठवते. त्या मुदतीत केवायसी पूर्ण करा, संमतीचा अर्ज भरा आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा क्रमांक द्या. संयुक्त खातं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या आधीच जमवून ठेवा.