होम इन्स्पेक्शनची कामं एजंटच्या भरवशावर? या चुका टाळा

पुण्या-मुंबईत पझेशनआधी फ्लॅट तपासून देण्याचा धंदा आता चांगला रुळतो आहे. मॉइश्चर मीटर, लेझर मेजर, थर्मल कॅमेरा जमला, कार्ड छापलं, की बहुतेकजण पहिला फेरा इस्टेट एजंटांच्या ऑफिसांचा मारतात. दोन-चार कामं मिळतातही, आणि मग फोन थंडावतात. कारण सरळ आहे. एजंटचे पैसे कोणाकडून आणि कधी येतात, हे कोणी आधी पाहिलेलं नसतं.

नव्या प्रकल्पात एजंटच्या मागे लागणं

बांधकाम चालू असताना फ्लॅट विकणारा एजंट हा बहुधा बिल्डरचा चॅनेल पार्टनर असतो. त्याची दलाली बिल्डर देतो, तीही करारनामा रजिस्टर होऊन ठरलेले हप्ते भरले गेले की. किल्ली मिळायला त्यापुढे दोन-तीन वर्षं सहज जातात. तोवर एजंट आणि ग्राहक यांचा संबंध दिवाळीच्या शुभेच्छांपुरता उरतो. तुमची गरज पडते तेव्हा तो तिथे नसतोच, आणि असला तरी ज्या बिल्डरकडून पुढची दलाली यायची त्याच्या कामात खोट काढणारा माणूस तो कशाला पाठवेल?

रीसेलमध्ये रिपोर्ट मवाळ करणं

रीसेलच्या व्यवहारात एजंट शेवटपर्यंत हजर असतो. पण टोकन आणि करार यांच्या मधल्या दिवसांत तुमचा रिपोर्ट येतो आणि त्याची दलाली टांगणीला लागते. मग ‘ओलीचं तोंडी सांगा, लिहू नका’ अशी सुरुवात होते. पुढच्या पावसाळ्यात त्याच भिंतीवर बुरशी चढली की शिव्या तुमच्या नावाने पडतात.

एजंटने पाठवलेलं काम घ्यायला हरकत नाही. फक्त फी खरेदीदाराकडून घ्या, रिपोर्ट थेट खरेदीदाराच्या मेलवर पाठवा, आणि एजंटला कमिशन देऊ नका. अमेरिकेत एजंटची शिफारस हा कामं मिळण्याचा मोठा रस्ता आहे; तिथेही १९७६ साली स्थापन झालेल्या ‘आशी’ या इन्स्पेक्टरांच्या संघटनेची आचारसंहिता शिफारशीच्या बदल्यात एजंटला मोबदला द्यायला मनाई करते.

कामाच्या नोंदवहीत ‘कुठून आले’ असा एक रकाना ठेवा. तीन महिन्यांच्या कामात एकाच एजंटचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त दिसला, तर तुम्ही स्वतंत्र राहिलेला नाहीत असं समजायला हरकत नाही.

इंटिरियरवाल्यांना विसरणं

शिफारस हवीच असेल तर ती अशा माणसाकडून घ्या, ज्याचं तुमच्या कडक रिपोर्टमुळे भलं होतं. इंटिरियर डिझायनर आणि मॉड्युलर किचनवाले हे असे लोक. वॉर्डरोब भिंतीला ठोकून झाल्यावर मागे ओल निघाली, तर बिल्डर म्हणतो तुमच्या सुताराने पाइप फोडला, आणि ग्राहक डिझायनरला धरतो. त्यामुळे काम सुरू करण्याआधीचा फोटोसकट रिपोर्ट ही त्याचीही ढाल असते. कमिशनचा नियम मात्र इथेही तोच.

किल्ली मिळाल्यावर पोहोचणं

घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्यानुसार भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो. या दोन महिन्यांत, शेवटचा हप्ता जाण्याआधी आणि ‘समाधानाने ताबा घेतला’ या कागदावर सही होण्याआधी तपासणी झाली तर ग्राहकाच्या हातात काहीतरी असतं. नंतरही दार बंद होत नाही. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातले किंवा कामाच्या दर्जातले दोष कळवले तर बिल्डरने ते ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचे असतात, हे ग्राहकाला सांगाच. पण सही झालेला माणूस फी द्यायला कुरकुरतो, हा अनुभवाचा भाग.

म्हणून महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आपल्या भागातले प्रकल्प काढा. प्रस्तावित पूर्णत्वाची तारीख, सदनिकांची संख्या आणि कामाची प्रगती तिथे पाहता येते. येत्या सहा महिन्यांत पुरे होणारे प्रकल्प एका शीटमध्ये घ्या. तारखा पुढे ढकलल्या जातात, म्हणून महिन्यातून एकदा साइटवरून चक्कर मारा: लिफ्ट बसली का, बाहेरचा रंग कुठवर आला, लाद्यांचे खोके अजून आत जाताहेत का.

ग्रुपमध्ये जाहिरात टाकणं

प्रत्येक प्रकल्पाच्या खरेदीदारांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. बाहेरच्याने तिथे दरपत्रक टाकलं की अॅडमिन दोन मिनिटांत बाहेर काढतो. ग्रुपमध्ये तुमचं नाव पहिल्या ग्राहकाने घेतलं पाहिजे, आणि तो घेतो, कारण एका विंगचं काम बहुधा एकाच टोळीने केलेलं असतं. बाथरूमचंच घ्या. उतार मीटरला साधारण १ सेंटिमीटर हवा आणि तो नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे. बादलीभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा. दाराच्या उंबऱ्याशी पाणी साचून राहिलं, तर लेव्हल लावून उलटा उतार मोजा आणि फोटोत लेव्हलचा बुडबुडा दिसू द्या. तो एक फोटो ग्रुपवर गेला की वरच्या-खालच्या मजल्यांवरचे लोक त्याच संध्याकाळी बादली घेऊन बाथरूममध्ये उभे राहतात. फोटो ग्राहकानेच टाकावा. रिपोर्ट त्याचा आहे. बिल्डरचं नाव घालून तो तुमच्या पेजवर चढवणं म्हणजे वकिलाच्या नोटिशीला आमंत्रण.

एकाच विंगमधल्या कामांवर सूट द्या, कारण जाण्या-येण्याचा वेळ वाचतो. पण दोन माणसांना टू-बीएचकेला नीट तीन तास लागतात. दिवसाला पाच फ्लॅट कबूल केले की पाचव्यात लाद्या खालून पोकळ आहेत का ते वाजवून पाहायचं राहूनच जातं.

रिपोर्ट जाड करणं

शंभर पानं आणि तीनशे रंगाचे डाग पाहून साइट इंजिनिअर हसतो आणि फाइल बाजूला ठेवतो. पहिल्या पानावर गंभीर दहा दोष घ्या. पुढे प्लंबिंग, लादी, इलेक्ट्रिक, सुतारकाम, रंग अशी विभागणी ठेवा, म्हणजे तो तेवढंच पान त्या-त्या कारागिराच्या हातात देऊ शकतो.

नाव सगळ्यात लवकर जातं ते मॉइश्चर मीटरमुळे. पिनच्या मीटरचे आकडे मुळात लाकडासाठी ठरवलेले असतात. प्लास्टरवर ते फक्त तुलनेपुरते. नवं प्लास्टर मुळातच ओलसर असतं, भिंतीतले क्षार आणि लोखंडही आकडा फुगवतात. म्हणून त्याच फ्लॅटमधल्या कोरड्या भिंतीचं रीडिंग आधी घ्या आणि दोन्ही शेजारी लिहा. नुसतं ‘२४ टक्के, गळती’ असं लिहिलंत आणि इंजिनिअरने ते खोडून काढलं, तर त्या विंगमधली बाकीची कामं गेलीच. तसंच ‘इमारत मजबूत आहे’ हे वाक्य कुठेही लिहू नका. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरचा प्रांत आहे.

रिव्ह्यू चुकीच्या दिवशी मागणं

रिपोर्ट हातात पडतो त्या दिवशी ग्राहक बिल्डरवर भडकलेला असतो, आणि तुमच्या फीचं मोल अजून दिसलेलं नसतं. रिव्ह्यू मागायचा तो फेरतपासणीनंतर, दोष दुरुस्त झालेले पाहून. त्यात परिसराचं नाव यावं: खराडी, वाकड, घोडबंदर रोड. लोक शोधतात तेच. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका. गुगलच्या धोरणात ते बसत नाही. फेरतपासणीचा दर पहिल्याच कोटेशनमध्ये लिहा. बरेचजण तो नंतर सांगतात, ग्राहक नको म्हणतो, आणि शेजारचं दार उघडं असताना त्या मजल्यावर पुन्हा उभं राहायची संधी जाते.