पायथनमधली सिंटॅक्स एरर कशी शोधावी आणि कोड कसा लावून ठेवावा

सिंटॅक्स एरर, म्हणजे कोड लिहिण्याच्या नियमांतली चूक, आली की नवशिक्याचा हात लगेच कोडकडे जातो. कंस टाकून बघ, कोलन काढून बघ, ओळ पुढे-मागे सरकव. अशाने एकाच्या तीन चुका होतात. हात आवरा आणि आधी एररचा मजकूर वाचा, तोही सगळ्यात खालच्या ओळीपासून.

नाशिकमध्ये पायथन शिकणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी कांदा असतो. निफाड, चांदवड, दिंडोरीकडून कॉलेज रोडच्या क्लासला येणाऱ्यांना मी पहिलं ॲप घरच्याच हिशोबाचं करायला सांगतो: लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात माल विकल्यावर हातात येणारी पट्टी. वजन गुणिले भाव, वजा जी काही कपात असेल ती. उत्तर बरोबर की चूक हे घरचे लगेच सांगतात, म्हणून शिकायला हे फार चांगलं. पुढची उदाहरणं त्याच ॲपची आहेत. कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलेत. तुमच्या फाइलमध्ये ते इंग्रजी अक्षरांतच हवेत.

आधी एरर कुठली ते ओळखा

सिंटॅक्स एरर असेल तर त्या फाइलची एकही ओळ चालत नाही. पायथन आधी सगळी फाइल वाचतो आणि वाचता आली तरच चालवतो. त्यामुळे 'वरचं प्रिंटसुद्धा का दिसत नाही?' असा प्रश्न पडला, तर उत्तर हेच. नेमएरर किंवा टाइपएरर मात्र प्रोग्रॅम चालू झाल्यावर येते, तिचा शोध वेगळा.

मजकुरात फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि खाली छोटं टोक (^) असतं. पायथन जिथे अडला ती ही जागा. चूक तिथेच असेल असं नाही, ती वरच्या ओळीतही असू शकते. हे बघा:

वजन = फ्लोट(इनपुट("वजन क्विंटलमध्ये: ")
भाव = फ्लोट(इनपुट("भाव: "))

पहिल्या ओळीत एक कंस बंद व्हायचा राहिलाय. जुना पायथन बोट दाखवतो दुसऱ्या ओळीकडे, आणि मुलं त्या निर्दोष ओळीकडे तासभर बघत बसतात. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून हे मजकूर पुष्कळ सुधारले: कंस कुठे उघडला आणि बंद झाला नाही ते सरळ सांगतात, कोलन विसरला तर कोलन हवा होता म्हणतात, इफमध्ये एकच बरोबरचं चिन्ह दिलं तर दोन हवी होती का असं विचारतात. म्हणून जुनी आवृत्ती असेल तर आधी नवी टाका.

मग या क्रमाने तपासा

दाखवलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ, दोन्हींत कंस मोजा. उघडे तितके बंद. मग अवतरण चिन्हं: एकेरीने सुरू केलं तर एकेरीनेच संपवा. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, डेफ यांच्या ओळीच्या शेवटी कोलन आहे का बघा. जुन्या पुस्तकातून प्रिंट कंसाशिवाय उतरवलं असेल तर तो पायथन २ चा कोड आहे. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, प्रिंटला कंस द्या.

इंडेंटेशनची, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेची, एरर आली तर डोळ्यांवर विसंबू नका. टॅब आणि स्पेस पडद्यावर सारखेच दिसतात, पायथनला मात्र वेगळे. रिवाज चार स्पेसचा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' ही कमांड दिली की सगळी फाइल एकसारखी होते.

आता आपल्या मराठी कीबोर्डच्या चुका. इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत त्या सहसा सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो.

कोडमध्ये १६५० असा मराठी आकडा थेट लिहिला तर 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' अशी सिंटॅक्स एरर येते. कोडमधले आकडे इंग्रजीच हवेत. पण वापरणाऱ्याने इनपुटमध्ये १६५० मराठीत टाइप केलं, तर इंट आणि फ्लोट दोन्ही ते बरोबर समजून घेतात. वडिलांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला तरी ॲप अडणार नाही, ही फार छान सोय आहे.

व्हेरिएबलची (वजन, भाव असे आकडे ज्यात साठवतो त्यांची) नावं मराठीत ठेवता येतात, पायथन ३ ला चालतात. तरी ठेवू नका. 'शेतकऱ्याचे' मधला ऱ्य काही कीबोर्ड अदृश्य जोडचिन्ह घालून लिहितात. ते नावात आलं की पायथन 'नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' म्हणतो, आणि दिसतच नसलेलं अक्षर शोधणार कसं? नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, मराठी ठेवा अवतरणात आणि कॉमेंटमध्ये (# नंतरचा मजकूर, जो पायथन सोडून देतो). तिथे काही बिघडत नाही. वर्डमधून कोड चिकटवल्यावर सरळ अवतरणांची वाकडी होतात, त्यानेही 'इनव्हॅलिड कॅरेक्टर' एरर येते. ती खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा.

एका वेळी एकच चूक दुरुस्त करा, सेव्ह करा, पुन्हा चालवा. पायथन बहुधा पहिल्या चुकीपाशी थांबतो. ती गेल्यावर दुसरी दिसली तर काम पुढे सरकलंय असं समजा. तरीही सापडेना, तर फाइलचा खालचा अर्धा भाग कॉमेंट करा. एरर गेली तर ती त्या भागात होती. मग त्याचा अर्धा.

चूक लपायला जागाच कमी ठेवा

हे अर्धं-अर्धं करणं नको असेल तर कोड आधीपासून लहान तुकड्यांत ठेवा. कोड लावून ठेवण्याचं माझ्या लेखी हेच मुख्य कारण, सुबकपणा नंतर.

पहिला तुकडा म्हणजे फंक्शन, एक काम करणारा नाव दिलेला कोड. पट्टी_काढा हे फंक्शन वजन, भाव आणि क्विंटलमागची कपात घेतं आणि हातात येणारी रक्कम रिटर्न करतं. त्यात इनपुट नको, प्रिंटही नको. मग ते तपासणं सोपं: समजा २० क्विंटल, भाव १६५०, कपात क्विंटलला ५ रुपये, तर ३३,००० मधून १०० जाऊन ३२,९०० यायला हवेत. ही तपासणी असर्ट (अट खोटी निघाली तर एरर देणारी ओळ) लिहून कायमची ठेवा. कोड हलवल्यावर उत्तर बदललं तर लगेच कळेल.

फंक्शनं चार-पाच झाली की तीन फाइली करा. हिशोब डॉट पायमध्ये फक्त गणित, नोंदी डॉट पायमध्ये सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची साधी फाइल) वाचणं-लिहिणं, मेन डॉट पायमध्ये प्रश्न विचारणं आणि उत्तर दाखवणं. मेन बाकी दोघांना इम्पोर्ट करेल, म्हणजे त्यांचा कोड वापरायला घेईल, ते मेनला करणार नाहीत. दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करू लागल्या की गुंता झालाच. मेनमध्ये चालवायचा भाग 'इफ __नेम__ == "__मेन__"' खाली ठेवा, म्हणजे ती फाइल दुसरीकडून इम्पोर्ट केली तरी प्रश्न विचारत सुटणार नाही.

फाइलच्या नावात स्पेस, डॅश नको, सुरुवातीला आकडा नको. तशा फाइली साध्या इम्पोर्टने येत नाहीत. आणि फाइलला सीएसव्ही डॉट पाय हे नाव कधीही देऊ नका. पायथन स्वतःच्या लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उघडेल आणि भलतीच एरर देईल.

नोंदी डॉट पायमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) 'यूटीएफ-८-सिग' द्या. नाहीतर विंडोजवर मराठी नावं लिहिताना एरर येऊ शकते, आणि एक्सेलमध्ये अक्षरांचा कचरा दिसतो.

फाइली वेगळ्या केल्यावर जुन्या नोंदी गायब झाल्यासारख्या वाटल्या, तर टर्मिनल (जिथून कमांड देऊन ॲप चालवता ती खिडकी) कुठल्या फोल्डरमध्ये उघडलंय ते बघा. नुसतं सीएसव्हीचं नाव दिलं असेल तर पायथन त्या फोल्डरमध्ये शोधतो, आणि लिहायला उघडली असेल तर तिथे नवी रिकामी फाइल करतो. पायथनसोबतच येणाऱ्या पाथलिब लायब्ररीमधला पाथ वापरून 'पाथ(__फाइल__).पेरेंट' पासून पत्ता बांधा. मग ॲप कुठूनही चालवलं तरी सीएसव्ही कोडशेजारीच सापडेल.