घोट्याजवळची जखम भरतच नाही? मलम बदलत बसण्याआधी हे वाचा

आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडं यंत्रमागावर दिवसभर उभं राहणारी माणसं, हॉटेलातले आचारी, बाजारात तासन्‌तास एका जागी बसणाऱ्या बायका, यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असतात आणि वय झालं की व्हायचंच म्हणून सगळे सोडून देतात. मग कधीतरी घोट्याच्या वर आतल्या बाजूला बारीकसं काहीतरी लागतं आणि ते भरतच नाही, पाणी सुटतंय, वास येतोय, आणि मेडिकलमधनं मलमावर मलम चालू.

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांत बारीक झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली तुंबतं, दाब वाढतो, चामडी काळपट तपकिरी आणि कडक होते, खाज सुटते. म्हणजे दुखणं शिरेत आहे आणि आपण मलम लावतोय वरनं. आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली असेल, वजन जास्त असेल, बाळंतपणं जास्त झाली असतील, पाय मोडला असेल किंवा घरात कुणाला हा त्रास असेल तर दोन आठवडे न भरणारी जखम दाखवायलाच पाहिजे.

पहिलं काम म्हणजे तपासणी. शिरांचा कलर डॉपलर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) करतात, आणि घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीशी ताडून बघतात. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, कारण घट्ट पट्टी हाच मुख्य इलाज आणि रक्त आणणारी धमनीच चोंदलेली असेल तर त्याच पट्टीनं पाय गमवायची वेळ येऊ शकते. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हा आकडा 0.8 च्या खाली आला तर नेहमीची घट्ट पट्टी नाही, 0.5 च्या खाली आला तर ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडं. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आणि शुगरवाल्यांनी तर ही तपासणी टाळूच नये, शुगर असली की हा आकडा कधी कधी खोटा चांगला दिसतो हेही डॉक्टरांशी बोलून घ्या. बेळगावात बिम्सला किंवा केएलईला जा, निपाणी-चिक्कोडीकडची माणसं कोल्हापूर-मिरजेलाही जातात, पण कुठंही गेलात तरी जुनी फाईल बरोबर असू द्या, आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड तिथं चालतं का ते आधी फोन करून विचारा.

जखम स्वच्छ नळाच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, बास. हळद, राख, तंबाखूची पूड, डेटॉल काही नको. निओमायसिनवालं मलम तर अशा चामडीला बऱ्याचदा सोसत नाही, भोवती आणखी इसब उठतं. अँटिबायोटिक फक्त इन्फेक्शन असेल तरच.

आता पट्टी. पायाच्या बोटांच्या मुळापासनं सुरू करून टाच झाकत गुडघ्याच्या खालपर्यंत, घोट्याला सगळ्यात जास्त दाब (पूर्ण दाब म्हणजे बीपी मोजतात त्याच मापात साधारण 40) आणि वर जाईल तसा कमी. साधं क्रेप बँडेज लगेच सैल पडतं, त्यामुळं कुठली पट्टी आणि कशी बांधायची ते नर्सकडनं हाताला हात लावून शिकून घ्या. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा दुखणं वाढलं तर लगेच सोडा आणि दवाखाना गाठा.

दिवसातनं तीन-चार वेळा अर्धा तास आडवं पडून पाय छातीपेक्षा वर ठेवा, नुसता स्टुलावर ठेवून तेवढा उपयोग होत नाही. पट्टी बांधूनच चाला. मागावर उभं असाल तर मधे मधे टाचा वर-खाली करा, पोटरी हलली पाहिजे. जेवणात अंडी, डाळ, दूध वाढवा.

शिरेचं लेसर (खराब शीर आतनं बंद करायचा इलाज) जखम भरल्यावर बघू असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये 2018 साली छापून आलेल्या अभ्यासात पट्टीबरोबरच लवकर शिरेचा इलाज केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम 56 दिवसांत भरली, उशिरा केलेल्यांत निम्म्यांची भरायला 82 दिवस लागले, म्हणून हे आधीच विचारा. तीन महिन्यांत फरक नसेल तर जखमेचा बारीक तुकडा तपासायला देतात, क्वचित आत कॅन्सर असतो. ताप, पसरणारी लाली, पोटरी अचानक सुजून दुखणं असेल तर त्याच दिवशी जा.

जखम भरल्यावर पट्टीऐवजी घालायचे दाबाचे मोजे सोडू नका, ती परत होते. सकाळी अंथरुणातनं उठायच्या आधी, सूज नसताना चढवा, आणि साधारण सहा महिन्यांनी नवीन घ्या, इलॅस्टिक ढिलं पडलेलं असतं.