मातीतून निघालेले स्पर: या चुका टाळा

घोड्याला टाच मारायचा स्पर मातीतून हाती आला की नवशिक्याला तो लगेच चकचकीत हवा असतो. दीडशे वर्षांच्या ओलीत टिकलेले स्पर एका आठवड्याच्या हौसेत संपलेले मी पाहिलेत.

पहिला बळी माझाच. अमेरिकी यादवी युद्धातला, १८५९ च्या नमुन्याचा स्पर: अंग पितळेचं, टोकाचं दातेरी चाक लोखंडाचं. चाक म्हणजे गंजाचा गोळाच होता, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवला आणि तीन दिवस विसरलो. काढला तेव्हा पितळ गुलाबी पडलेलं, कारण जस्त निघून जाऊन तांबं वर आलं होतं. चाक नव्हतंच, तळाशी काळपट गाळ. पितळेला चिकटलेलं लोखंड आम्लात आधी विरघळतं, आणि त्या चाकात गंजाशिवाय फारसं काही उरलंच नव्हतं. गंज काढायला गेलो आणि चाकच काढून बसलो.

आता लाकडी काडी, मऊ टूथब्रश, डिस्टिल्ड पाणी आणि भिंग. दातांचा आकार दिसला की मी थांबतो. ड्रिलला तारेचा ब्रश लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरी चूक, वरून वाळलेल्या लोखंडावर व्हार्निश. आत मातीतून शिरलेले क्लोराइडचे, म्हणजे मिठासारखे, क्षार तसेच राहतात. काही महिन्यांत तपकिरी थेंब फुटतात, मग पापुद्रेच्या पापुद्रे सुटतात. नुसत्या लोखंडाच्या वस्तू मी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवतो आणि पाणी बदलत राहतो. महिने लागतात. ज्याला रविवारपर्यंत कपाटात मांडायचंय त्याने नाणी जमवावीत. नंतर पूर्ण वाळवून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (ओल अडवणारं बारीक कणांचं मेण) हात, आणि ओल शोषणारं सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा.

बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या ओकच्या लाकडी पेटीत ठेवू नका. लाकडाच्या आम्लवाफेने पांढरी भुकटी धरते. इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे पाण्यात वीज सोडून गंज काढताना, स्टेनलेस स्टीलचा चमचा लावू नका, क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं.

वस्तू कुठे, किती खोल सापडली ते त्याच दिवशी लिहा. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांच्या ताब्यातल्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे, त्यामुळे 'आठवत नाही' म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

आणि तोफेचा गोळा स्वतः उघडायचा नाही. आतली स्फोटाची काळी दारू जुनी झाली म्हणून मरत नाही. २००८ मध्ये व्हर्जिनियात यादवी युद्धातल्या गोळ्यावर काम करताना एक अनुभवी संग्राहक जागीच गेला. असा गोळा दिसला की मी हात न लावता मागे सरतो आणि पोलिसांना फोन करतो.