गुन्हेगारीशास्त्राला प्रवेश घेतलाय? आधी आकडा कुठून आला ते विचारायला शिका

प्रवेश घेतला आहे, म्हणजे हा विषय फॉरेन्सिक सायन्स नाही, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. डीएनए, ठसे, रक्ताचे डाग यांचं काम प्रयोगशाळेत चालतं आणि त्याला विज्ञानाची पदवी लागते. ते सोडून देऊ.

पहिल्या वर्षी सिद्धान्तांची भीती वाटते. बेकारिया, लोंब्रोझो, दुर्खीम, मर्टन, गुन्हा का घडतो याचे सिद्धान्त मांडणारे हे सगळे एकदम अंगावर येतात. घाबरू नका, दुसऱ्या वाचनात ते उलगडतात. फक्त तयार नोट्सवर विसंबू नका. त्यांत प्रत्येक सिद्धान्त चार ओळींत संपतो आणि तो कोणत्या माहितीवर उभा होता, तेच नेमकं गळालेलं असतं.

मी अडकले ते प्रबंधाच्या वेळी, आणि त्याबद्दल जरा लांबण लावणार आहे. पोलिसांच्या नोंदींतले कौटुंबिक हिंसाचाराचे आकडे घेतले, आलेख काढला, रेघ वर चढत होती. निष्कर्ष लिहिला: हिंसाचार वाढला. परीक्षकांनी एकच विचारलं, 'हिंसाचार वाढला की तक्रारी वाढल्या?' अर्धा प्रबंध पुन्हा लिहावा लागला.

घटना घडल्यापासून आकडा छापला जाईपर्यंत किती टप्पे असतात बघा. जिच्यावर अत्याचार झाला तिला तो गुन्हा वाटला पाहिजे. मग तिने तक्रार केली पाहिजे. पोलिसांनी ती नोंदवून घेतली पाहिजे, आणि तीही योग्य कलमाखाली. यातला एक टप्पा जरी बदलला, तरी घटना तेवढ्याच राहून आकडा बदलतो. मदतीची यंत्रणा सुधारली, बायकांचा विश्वास बसला, की नोंदी वाढतात. ती चांगली खूण असू शकते, आणि मी तिला वाईट बातमी म्हणून मांडत होते. उलट गाडीची चोरी बघा. विम्याचे पैसे मिळवायला तक्रार करावीच लागते, म्हणून तिथली नोंद बरीच भरवशाची असते.

देशादेशांची तुलना तर आणखी फसवी. स्वीडनमध्ये एकाच व्यक्तीवर वारंवार झालेला बलात्कार प्रत्येक वेळचा स्वतंत्र गुन्हा म्हणून मोजतात, आणि तिथली कायदेशीर व्याख्याही व्यापक आहे. नुसते आकडे शेजारी ठेवून 'तो देश जास्त असुरक्षित' असं लिहिणं चूक आहे. इंग्लंड-वेल्समध्ये तर 2014 मध्ये पोलिसी नोंदींच्या आकडेवारीचा अधिकृत 'राष्ट्रीय आकडेवारी' हा दर्जाच काढून घेतला गेला. म्हणून लोकांना थेट विचारणारी पीडित सर्वेक्षणं लागतात. अमेरिकेत ती 1973 पासून आहेत, ब्रिटनमध्ये 1982 पासून. पण त्यांनाही भोकं आहेत: खून झालेला माणूस उत्तर देत नाही, आणि घरोघर जाणाऱ्या सर्वेक्षणाला बेघर माणूस सापडत नाही.

तेव्हा स्पष्ट सांगते, संख्याशास्त्र ऑप्शनला टाकू नका. गणित कच्चं असलं तरी चालतं. सूत्रं हळूहळू येतात. आकड्यावर संशय घेण्याची सवय आधी लागली पाहिजे. मार्गदर्शक निवडतानाही मोठ्या नावामागे धावू नका. तुमचा कच्चा मसुदा वाचून 'हे कशावरून?' असं विचारणारी व्यक्ती शोधा.

'अनुभवाने कळतं' म्हणणाऱ्यांपासूनही जपा. बिघडू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून धाक दाखवायचे कार्यक्रम अमेरिकेत 1970च्या दशकात फार गाजले. कोणालाही पटेल अशी कल्पना. पण रीतसर प्रयोग झाले, तेव्हा तुरुंग पाहून आलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना आढळली.

आता नोकऱ्या. मालिकांमधला प्रोफाइलर, म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगाराचा स्वभाव ओळखणारा तज्ज्ञ, डोक्यातून काढा. तशा जागा नगण्य आहेत आणि त्या बहुतेक अनुभवी पोलिसांतून किंवा मानसशास्त्रज्ञांतून भरतात. खरी कामं अशी: प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांसोबतचं काम), तुरुंगातलं पुनर्वसन, पीडितांना साहाय्य, विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन) मुलांसोबतचं काम, पोलिसांसाठी गुन्हे-विश्लेषण, धोरण-संशोधन, बँकांमधले फसवणूक आणि मनी लाँडरिंग रोखणारे विभाग. शेवटच्या दोन-तीन ठिकाणी आकडे वाचता येणाऱ्याला लगेच विचारतात. माणसांसोबतचं काम करायचं असेल तर शिकतानाच एखाद्या संस्थेत स्वयंसेवक व्हा. पदवी हातात घेऊन पहिल्यांदा तिथे गेलात, तर तुमच्याआधी वर्षभर राबलेली मुलं रांगेत असतील. आणि अशा कामात ऐकलेल्या गोष्टी घरी येतात, झोप उडवतात. संस्थेत त्याबद्दल बोलायला वरिष्ठ उपलब्ध असतात का, हे रुजू होण्याआधी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

प्रबंधासाठी कैद्यांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर विषय ठरेल त्याच आठवड्यात परवानगीचा अर्ज टाका. नैतिकता समिती वेगळी, तुरुंग प्रशासन वेगळं, आणि दोघांनाही तुमच्या सत्राच्या तारखांशी देणंघेणं नसतं. परवानगी आलीच नाही तर कोणत्या खुल्या माहितीवर काम करता येईल, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा.