आचारसंहिता बदलते तेव्हा समुपदेशकाने काय करावे

नवी आचारसंहिता हाती आली की ती एकटी वाचू नये. जुनी प्रत शेजारी ठेवून कलमागणिक पाहावे, कारण नेमके काय बदलले हे त्या फरकातूनच कळते. उदाहरणार्थ, माजी अशिलाशी, म्हणजे पूर्वी आपल्याकडे समुपदेशन घेतलेल्या व्यक्तीशी, प्रणयसंबंध ठेवण्यावरील मनाईची मुदत अमेरिकन कौन्सिलिंग असोसिएशनने २००५ च्या आवृत्तीत दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. मुदत संपली म्हणजे वाट मोकळी झाली, असा मात्र याचा अर्थ नाही. त्यानंतरही या संबंधात शोषणाची शक्यता आहे का, याचा आधीच विचार करून तो लेखी नोंदवावा लागतो.

त्यानंतर प्रत्येक बदल आपल्या रोजच्या कामात कोठे लागू पडतो, हे शोधावे. याच संस्थेच्या २०१४ च्या आवृत्तीत दूरस्थ समुपदेशन, तंत्रज्ञान आणि समाजमाध्यमे यांसाठी स्वतंत्र विभाग आला. त्यानुसार आपले खासगी खाते आणि व्यावसायिक खाते वेगळे ठेवावे, अशिलाने संमती दिल्याशिवाय त्याचे खाते चाळू नये आणि समाजमाध्यमांच्या वापराविषयीची आपली भूमिका संमतिपत्रातच स्पष्ट करावी. संमतिपत्राचा मसुदा बदलून तो फायलीत ठेवणे पुरेसे नाही. ज्यांचे समुपदेशन आधीपासून चालू आहे, त्यांच्याशी पुढच्या भेटीत बोलावे, काय बदलले ते सोप्या शब्दांत सांगावे, प्रश्न विचारायला वेळ द्यावा आणि या बोलण्याची तारखेसह नोंद करावी. माझ्या मते सर्वाधिक टाळाटाळ येथेच होते, आणि जुन्या अटींवर विश्वास ठेवून मन मोकळे करणाऱ्या माणसावर तो अन्याय आहे.

सर्वांत कठीण बदल मूल्यांविषयीचा आहे. केवळ आपली वैयक्तिक मूल्ये किंवा श्रद्धा आड येतात म्हणून अशिलाला दुसऱ्याकडे पाठवू नये, असे २०१४ ची संहिता सांगते. आवश्यक कौशल्य नसल्यामुळे पाठवणे ही निराळी गोष्ट आहे, परंतु ‘मला हे जमणार नाही’ या वाक्यामागे यांपैकी कोणते कारण आहे, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे लागते. उत्तर अडले तर अशिलाची ओळख उघड न करता पर्यवेक्षकाशी चर्चा करावी, आपली विचारप्रक्रिया लिहून ठेवावी आणि कमी पडणारे प्रशिक्षण घ्यावे.

संहिता आणि कायदा यांत विसंगती दिसल्यास दोन्ही मजकूर समोर ठेवून, निर्णय घेण्यापूर्वीच जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.